नळापासून सभागृहापर्यंत

पहाटे नळाला पाणी येण्याच्या वेळी घरात पहिली जाग येते ती गृहिणीला. एखाद्या दिवशी पाणी आलेच नाही, तर मुलांची शाळा, न्याहारी, कचेरीची वेळ असे सारे गणितच कोलमडते. मग घरातील कोणीतरी वैतागून म्हणते, "अहो, त्या नगरसेवकाला जाऊन सांगा ना!" वाचकहो, हे वाक्य आपणही केव्हा ना केव्हा उच्चारले असेल. परंतु ज्याच्या दारी आपण तक्रार घेऊन जातो, त्याच्या हाती नेमके काय असते आणि काय नसते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

आज थोडी कल्पना करू या. समजा, आपल्याच घरातील सूनबाई नगरपालिकेवर निवडून आल्या. ही कल्पना काही अशक्य कोटीतील नव्हे. १९९२ च्या ७४ व्या घटनादुरुस्तीने नगरपालिकांतील किमान एक तृतीयांश जागा स्त्रियांसाठी राखून ठेवल्या, आणि महाराष्ट्राने २०११ मध्ये हे प्रमाण निम्म्यावर नेले. तेव्हा सूनबाईंच्या मागोमाग आपणही त्यांच्या प्रभागात फेरफटका मारून येऊ.

कामाचा पसारा

मूल जन्मले की त्याची नोंद नगरपालिकेच्या दप्तरी होते, आणि माणसाची अखेरची वाट ज्या स्मशानभूमीकडे जाते तिची व्यवस्थाही बहुधा नगरपालिकाच पाहते. मधल्या साऱ्या आयुष्यात पाणी, गटारे, रस्ते, दिवे, केरकचरा, दवाखाने, बागा आणि अग्निशमन यांच्याशी आपला रोजचा संबंध येतो. घटनेच्या बाराव्या अनुसूचीत अशा १८ विषयांची यादी आहे. राज्यांनी ते नगरसंस्थांकडे सोपवावेत, अशी त्या दुरुस्तीची अपेक्षा. प्रत्यक्षात कोणत्या राज्याने किती सोपविले, याचे प्रमाण मात्र सर्वत्र सारखे नाही.

या पसाऱ्यापुढे नगरसेवक एकटा असतो. २०११ च्या जनगणनेत मुंबईची लोकसंख्या सुमारे १ कोटी २४ लाख भरली आणि तिथे नगरसेवकांच्या जागा होत्या २२७. म्हणजे सरासरीने एकेका नगरसेवकाच्या वाट्याला जवळजवळ ५५ हजार माणसे आली. एखाद्या लहान शहराइतकी वस्ती, आणि तिचे गाऱ्हाणे ऐकणारा माणूस एक!

वरची आळी आणि खालची आळी

आता सूनबाईंच्या दारी आलेली पहिलीच तक्रार पाहू. प्रभागातील वरची आळी टेकडीच्या उतारावर वसलेली आहे. तिथे पाणी कमी दाबाने चढते आणि तासाभरात जाते. खालच्या आळीत तेच पाणी तीन तास वाहते. वरच्या आळीतील बायका म्हणतात, "ताई, आम्हांला एक तास वाढवून द्या." मागणी रास्त आहे. पण पाणी सोडणाऱ्या चावीवाल्याला विचारावे, तर तो सांगतो की टाकीतले पाणी ठरलेलेच आहे. वर एक तास वाढवायचा म्हणजे खालचा एक तास तोडायचा. आणि खालच्या आळीत मते अधिक आहेत.

बाहेरून पाहणाऱ्याला वाटते की नगरसेवकाचे काम म्हणजे तक्रार ऐकणे आणि अधिकाऱ्यास दूरध्वनी करणे. खरे काम याहून अवघड असते. दोन रास्त मागण्यांपैकी एकीला आधी आणि दुसरीला नंतर असे सांगणे, आणि ज्याला नंतर सांगितले त्याच्याही डोळ्याला डोळा देता येणे, हे ते काम होय.

पुढे सूनबाई अभियंत्यांना घेऊन पाहणी करतात, तेव्हा वेगळेच सत्य हाती येते. दोष टाकीत नाही. तो रस्त्याखालच्या जुन्या, जागोजागी गळणाऱ्या जलवाहिनीत आहे. शिवाय ती वाहिनी गटाराला लागून गेलेली आहे. पाणी चोवीस तास असेल तर नळातील दाब बाहेरची घाण आत येऊ देत नाही. परंतु पाणी ठराविक वेळीच येत असले की उरलेल्या वेळी वाहिनी रिकामी पडते, आणि फटींतून गटाराचे पाणी आत शिरते. कावीळ आणि अतिसार यांची साथ पुष्कळदा अशाच वाटेने घरात येते. म्हणजे प्रश्न केवळ एका तासाचा नव्हता. तो लेकरांच्या आरोग्याचा होता.

कमान की जलवाहिनी?

वाहिनी बदलायची तर पैसा हवा, आणि पैशाचा निर्णय होतो अंदाजपत्रकात. महाराष्ट्रातील महानगरपालिकांत आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीपुढे ठेवतात आणि तेथून ते सर्वसाधारण सभेत येते. मंजुरी लोकप्रतिनिधींची, अंमलबजावणी मात्र राज्य सरकारने नेमलेल्या आयुक्तांची. कोलकात्यासारख्या शहरात महापौर आणि त्यांच्या परिषदेकडे कारभाराची सूत्रे असतात. पुष्कळ ठिकाणी मात्र नगरसेवकाला ठराव करता येतो, प्रश्न विचारता येतो, हिशेब मागता येतो. हुकूम सोडता येत नाही.

उत्पन्नाच्या वाटाही अरुंद झाल्या आहेत. एके काळी जकात हा महाराष्ट्रातील शहरांचा मोठा आधार होता. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा मुंबईची जकातही संपली, आणि तिच्या बदल्यात राज्याकडून भरपाई मिळू लागली. शहराच्या स्वतःच्या हाती मुख्यतः उरला मालमत्ता कर. तो वाढवावा तर मतदार रुष्ट होतात, न वाढवावा तर वाहिनी बदलता येत नाही.

अशा वेळी एक मोह समोर उभा राहतो. प्रभागाच्या तोंडाशी सुबक कमान उभारावी, बागेत बाके ठेवावीत, त्यांवर नाव कोरावे. काम दोन महिन्यांत पुरे होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसते. जलवाहिनीचे तसे नाही. ती घालताना रस्ता खणावा लागतो, धूळ उडते, लोक बोल लावतात. आणि काम संपले की सारे जमिनीखाली गाडले जाते. जमिनीखालच्या कामावर नाव कोरता येत नाही!

पूर्वसूरींचा धडा

हा पेच आजचा नव्हे. महात्मा जोतीराव फुले १८७६ पासून काही वर्षे पुणे नगरपालिकेचे सभासद होते. १८८० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड लिटन पुण्यास यावयाचे होते आणि त्यांच्या स्वागतासाठी एक हजार रुपये खर्चण्याचा बेत नगरपालिकेत ठरला. हा पैसा गोरगरिबांच्या शिक्षणाकडे लावावा, असे जोतीरावांचे म्हणणे होते. ठरावाविरुद्ध मत देणारे ते एकटेच निघाले. शहरात मोठी मंडई बांधण्याच्या खर्चासही त्यांनी असाच विरोध केला. मंडई झाली, आणि काळाची गंमत अशी की आज ती महात्मा फुले मंडई म्हणूनच ओळखली जाते. सभागृहात एकट्या पडलेल्या मताचेही मोल पुढच्या पिढ्या जाणतात, ते असे.

दुसरे उदाहरण अहमदाबादचे. वल्लभभाई पटेल १९१७ मध्ये तेथील नगरपालिकेवर निवडून आले आणि स्वच्छता समितीचे काम त्यांनी पत्करले. त्याच वर्षी शहरात प्लेग पसरला. अनेकजण घरे सोडून बाहेर गेले, पण वल्लभभाई शहरात राहून साफसफाईवर देखरेख करीत राहिले. पुढे १९२४ ते १९२८ या काळात ते नगरपालिकेचे अध्यक्ष होते. देशाचा कारभार हाकणाऱ्या या पुरुषाने आधी गटारांचा कारभार पाहिला होता, हे आपण विसरता कामा नये.

खुर्ची रिकामी असते तेव्हा

नगरसेवकावर आपण रागावतो. पण तो नसला तर काय होते, हेही आपल्या शहरांनी अनुभवले आहे. मुंबई महानगरपालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि त्यानंतर तीन वर्षांहून अधिक काळ तेथील कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. बंगळूरच्या सभागृहाची मुदत सप्टेंबर २०२० मध्ये संपली, आणि पाच वर्षे उलटली तरी तेथे निवडणूक झाली नव्हती. वस्तुतः मुदत संपण्यापूर्वीच निवडणूक पार पडली पाहिजे, असे घटना सांगते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबादच्या एका प्रकरणात ते निःसंदिग्धपणे बजावलेही आहे. प्रशासक कितीही कार्यक्षम असोत, वरच्या आळीतील बायकांना दार ठोठवायला हक्काचे घर उरत नाही.

आपला वाटा

तेव्हा वाचकहो, आपण काय करावे? तीन लाख वा त्याहून अधिक वस्तीच्या शहरांत प्रभाग समित्या असाव्यात, असे घटनेत नमूद आहे. आपल्या शहरात त्या भरतात का, याची चौकशी करावी. केरळने १९९६ मध्ये लोकनियोजनाची मोहीम हाती घेऊन योजना-खर्चाचा ३५ ते ४० टक्के भाग स्थानिक संस्थांकडे सोपविला आणि लोकांना बैठकीस बोलावून कामांचा क्रम ठरविला. असा क्रम ठरविण्यात आपलाही हात असावयास हवा. वर्षातून एकदा आपल्या प्रभागासाठी अंदाजपत्रकात काय तरतूद झाली, ते विचारावे. कर वेळेवर भरावा आणि त्याचा हिशेबही तितक्याच हक्काने मागावा.

आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, आपला प्रश्न थोडा बदलावा. "माझ्या नळाला पाणी का नाही?" हा प्रश्न योग्यच आहे, पण त्यापुढे, "टेकडीवरच्या आळीला पाणी मिळते का?" हेही विचारावे. नागरिक केवळ कमानीकडे पाहून मत देतील, तर नगरसेवक कमानीच बांधतील. ते जलवाहिनीबद्दल विचारू लागले, तर रस्ता खणण्याचे धैर्य त्यालाही येईल.

सूनबाईंच्या प्रभागात पुढे काय झाले, ते आम्ही सांगत नाही. कारण तो निर्णय खरोखर त्यांच्या एकटीचा नाही. खालच्या आळीतील माणसे काही महिने एक तास कमी पाणी घेण्यास आणि दारासमोरचा खड्डा सोसण्यास तयार झाली, तर वाहिनी बदलेल. वाचकहो, ती खालची आळी कदाचित आपलीच असेल.