व्यसनमुक्ती समुपदेशक व्हायचंय? शिक्षण, काम आणि अडचणी, सगळं समजून घ्या

दारूच्या आहारी गेलेल्या ३८ जणांपैकी फक्त एकाला कोणत्या ना कोणत्या स्वरूपाची मदत मिळते. दवाखान्यात भरती होऊन उपचार घेणारा तर १८० जणांमध्ये एकच. दिल्लीच्या एम्सने केंद्राच्या सामाजिक न्याय मंत्रालयासाठी केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणातली ही आकडेवारी आहे. देशात ५ कोटी ७० लाखांहून जास्त लोकांना दारूमुळे उपचारांची किंवा मदतीची गरज आहे, असंही हेच सर्वेक्षण सांगतं. गांजा, ब्राउन शुगर, झोपेच्या गोळ्या यांचा हिशेब वेगळाच.

उरलेल्या ३७ जणांपर्यंत पोहोचायला फक्त डॉक्टर पुरणार नाहीत. व्यसनी माणूस आणि त्याच्या घरच्यांसोबत महिनोन्महिने बोलत राहणारं कुणीतरी लागतं. ते काम व्यसनमुक्ती समुपदेशक करतो. मानसशास्त्र किंवा समाजकार्य शिकणाऱ्या अनेक मुलामुलींना या क्षेत्राची उत्सुकता असते, पण रस्ता कसा आहे याची माहिती एका जागी मिळत नाही.

समुपदेशक नेमकं काय करतो?

आधी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. व्यसन सोडवण्याचा पहिला टप्पा डॉक्टरांचा असतो. रोज भरपूर पिणाऱ्याने दारू एकदम बंद केली, तर पुढच्या काही दिवसांत हात थरथरणं, फिट येणं, भास होणं असे त्रास सुरू होऊ शकतात आणि वेळेत उपचार मिळाले नाहीत तर जिवावरही बेतू शकतं. ब्राउन शुगर बंद केल्यावर होणाऱ्या त्रासाला 'टर्की' म्हणतात. यावरची औषधं डॉक्टरच देतात. समुपदेशकाला औषध लिहून देण्याचा अधिकार नसतो, पण ही लक्षणं ओळखून पेशंटला ताबडतोब डॉक्टरकडे पाठवणं ही त्याची जबाबदारी असते.

शरीर सावरलं की समुपदेशकाचं खरं काम सुरू होतं. पेशंटची आणि घरच्यांची वेगवेगळी माहिती घेणं, एकट्याशी बोलणं, गटाचं सत्र घेणं, नोंदी ठेवणं आणि घरी गेलेल्यांचा फॉलोअप करणं, असा दिवस जातो.

यात उपदेशाला फार जागा नसते. 'दारू वाईट आहे' हे पेशंटने घरी शेकडो वेळा ऐकलेलं असतं. त्यामुळे जगभरात 'मोटिव्हेशनल इंटरव्ह्यूइंग' ही पद्धत वापरली जाते. मानसशास्त्रज्ञ विल्यम मिलर यांनी ती १९८३ मध्ये पहिल्यांदा मांडली आणि पुढे स्टीफन रोलनिक यांच्यासोबत विकसित केली. समुपदेशक विचारतो, 'पिण्यातून तुम्हाला काय मिळतं? आणि काय जातं?' बदलाचं कारण माणसाच्या स्वतःच्या तोंडून यावं, हा त्यामागचा विचार.

दुसरं मोठं काम म्हणजे पुन्हा व्यसनाकडे वळण्याचे प्रसंग आधीच ओळखणं. पगाराचा दिवस, लग्नाची वरात, जुना मित्र, घरातलं भांडण, यातला कोणता प्रसंग कुणासाठी धोक्याचा आहे आणि तेव्हा काय करायचं, हे पेशंटसोबत बसून ठरवलं जातं. एखाद्या दिवशी पाय घसरला तर त्याला 'स्लिप' म्हणतात. त्याच दिवशी फोन आला, तर पुढचं मोठं घसरणं टळू शकतं. म्हणूनच पेशंटला न घाबरता फोन करता येईल असं नातं तयार करावं लागतं.

शिक्षण कोणतं लागतं?

साधारणपणे दोन वाटा आहेत. पहिली मानसशास्त्राची : बीए किंवा बीएस्सी आणि त्यानंतर क्लिनिकल किंवा समुपदेशन मानसशास्त्रात एमए. दुसरी समाजकार्याची : बीएसडब्ल्यू आणि एमएसडब्ल्यू. मुंबईतली टिस आणि निर्मला निकेतन, पुण्याची कर्वे समाजसेवा संस्था ही समाजकार्याच्या शिक्षणासाठी ओळखली जाणारी नावं.

'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे वेगळं पद आहे. त्यासाठी भारतीय पुनर्वास परिषदेने मान्यता दिलेला अभ्यासक्रम आणि परिषदेकडे नोंदणी आवश्यक असते. फक्त एमए करून ते नाव पाटीवर लावता येत नाही. समुपदेशकांसारख्या इतर आरोग्य व्यवसायांच्या नोंदणीसाठी २०२१ मध्ये संसदेने स्वतंत्र कायदा केला आहे. त्यामुळे प्रवेश घेण्याआधी अभ्यासक्रमाची मान्यता तपासून घेणं महत्त्वाचं.

पदवी नसेल तर?

दार पूर्ण बंद नाही. डॉ. अनिता आणि डॉ. अनिल अवचट यांनी पु. ल. आणि सुनीता देशपांडे यांच्या देणगीतून १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू केलं. तिथे व्यसनातून बाहेर आलेले अनेक जण पुढे कार्यकर्ते आणि समुपदेशक झाले. 'मीही इथेच बसलो होतो' या वाक्याचं वजन पुस्तकी ज्ञानाला येत नाही. अर्थात, स्वतः बरं होणं आणि दुसऱ्याला मदत करणं ही वेगवेगळी कौशल्यं आहेत. व्यसनमुक्त राहून पुरेसा काळ गेल्यानंतर आणि प्रशिक्षण घेतल्यावरच हे काम सुरू करणं सुरक्षित असतं.

प्रशिक्षणाने काय होऊ शकतं, याचं चांगलं उदाहरण गोव्यात आहे. 'संगाथ' या संस्थेने मानसोपचाराची पार्श्वभूमी नसलेल्या सामान्य व्यक्तींना प्रशिक्षण दिलं आणि प्राथमिक आरोग्य केंद्रांत येणाऱ्या, घातक प्रमाणात पिणाऱ्या पुरुषांसाठी जास्तीत जास्त चार समुपदेशन सत्रं घेतली. २०१७ च्या 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षांनुसार, तीन महिन्यांनी समुपदेशन मिळालेल्यांपैकी ३६ टक्के लोक घातक पिण्याच्या पातळीबाहेर आले होते. नेहमीचे उपचार मिळालेल्यांत हे प्रमाण २६ टक्के होतं.

काम कुठे मिळतं?

केंद्र सरकारच्या अनुदानावर स्वयंसेवी संस्था चालवत असलेली व्यसनमुक्ती केंद्रं, जिल्हा रुग्णालयांतले मानसिक आरोग्य विभाग, खासगी मनोरुग्णालयं, कारखान्यांचे कर्मचारी कल्याण विभाग आणि हेल्पलाइन अशा ठिकाणी संधी असते. गावपातळीवर काम करायचं असेल तर गडचिरोलीचं 'मुक्तिपथ' अभियान बघण्यासारखं आहे. १९९३ पासून दारूबंदी असलेल्या या जिल्ह्यात २०१६ मध्ये ते सुरू झालं. तिथे उपचारांसोबत गाव संघटित करण्याचंही काम चालतं.

कायद्याचं काय माहीत हवं?

मानसिक आरोग्य कायदा, २०१७ नुसार दारू आणि अमली पदार्थांच्या गैरवापराशी संबंधित मानसिक अवस्था 'मानसिक आजार' या व्याख्येत येतात. म्हणजे अशा पेशंटलाही गोपनीयतेचा आणि सन्मानाने उपचार मिळण्याचा हक्क आहे. मारहाण करणारं, साखळीने बांधून ठेवणारं केंद्र बेकायदा काम करत असतं. नोकरी स्वीकारण्याआधी केंद्राची नोंदणी पाहा, तिथे डॉक्टर येतात का ते विचारा.

एनडीपीएस कायद्याचं कलम ६४ (अ)ही माहीत हवं. अमली पदार्थ सेवनाचा किंवा अल्प प्रमाणात ते बाळगल्याचा आरोप असलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेत असेल, तर तिला या कलमाखाली खटल्यापासून संरक्षण मिळू शकतं. मात्र उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेतलं जाऊ शकतं. पोलिसांच्या भीतीने उपचार टाळणाऱ्या कुटुंबाला ही माहिती देणं, हाही समुपदेशनाचाच भाग.

अवघड बाजू कोणती?

पैसा हे पहिलं उत्तर. अनुदानावर चालणाऱ्या संस्थांत मानधन मर्यादित असतं आणि अनुदान लांबलं की तेही लांबतं. दुसरं म्हणजे अपयश वारंवार समोर येतं. सहा महिने व्यसनमुक्त राहिलेला पेशंट पुन्हा पिऊन दारात उभा राहतो. काही जण परत येतच नाहीत. ते स्वतःच्या मनावर घेणारा समुपदेशक लवकर थकतो. म्हणून अनुभवी व्यक्तीकडून नियमित मार्गदर्शन घेणं आणि कामाच्या वेळेची हद्द पाळणं या गोष्टी चैनीच्या नाहीत, गरजेच्या आहेत.

सुरुवात कशी करायची?

अभ्यासक्रमाला पैसे भरण्याआधी एखाद्या केंद्रात काही आठवडे स्वयंसेवक म्हणून काम करून बघा. अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमसच्या 'खुल्या' सभांना बाहेरच्या लोकांनाही बसता येतं. तिथे एक तास फक्त ऐका. न टोकता, मनात निवाडा न करता ऐकणं जमतंय का, हे तिथेच कळेल. या कामाची पहिली पात्रता तीच आहे.

आणि हे वाचताना घरातलं कुणी आठवलं असेल, तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानसच्या १४४१६ या क्रमांकांवर मोफत बोलता येतं. घरच्यांनीही फोन केला तरी चालतो.