सर्वांत बलवान कोण?

१९९६ साली जपानमध्ये ‘पोकेमॉन’ हा व्हिडिओ गेम आला. त्यात १५१ जातींचे काल्पनिक प्राणी गोळा करायचे आणि त्यांतले जास्तीत जास्त सहा सोबत घेऊन झुंजायचे. यांत सर्वांत बलवान कोणता, असे मुले विचारतात. आपण थोडे गणित करून पाहू.

पहिला मोठा प्रतिस्पर्धी ब्रॉक. त्याचा ऑनिक्स खडक आणि जमीन अशा दोन प्रकारांत मोडतो. पाण्याचा मारा दोन्हींवर दुप्पट, म्हणजे २ × २ = ४ पट. पिकाचूची वीज खडकावर १ पट, पण जमिनीवर ०, गुणाकार शून्य! पुढची मिस्टी जलचर आणते. आता तीच वीज दुप्पट लागते आणि पाण्याचा मारा निम्म्यावर येतो.

पाणी विस्तवाला भारी, विस्तव गवताला आणि गवत पाण्याला! उंचीचे तसे नसते. अ हा ब पेक्षा आणि ब हा क पेक्षा उंच असेल, तर अ हा क पेक्षा उंच असतोच. ‘भारी’ या नात्याला हा नियम लागू पडत नाही. म्हणून एकालाच बलवान करत बसण्यापेक्षा समोर कोण आहे ते पाहून सहा जण निवडणे, हीच खरी तयारी.