गिनी पिगचा पिंजरा : वास झाकू नका, होऊच देऊ नका

मुलांच्या हट्टाखातर घरात गिनी पिगची जोडी येते. पहिले आठ-पंधरा दिवस कौतुकात जातात. पुढे खोलीत उग्र वास येऊ लागतो आणि मग पिंजऱ्याजवळ उदबत्ती लाव, फिनेल शिंपड असे उपाय सुरू होतात. परंतु हा वास केवळ नाक मुरडण्यापुरता नसतो. त्या मुक्या जिवाच्या आणि घरातील मुलांच्या आरोग्याशी त्याचा थेट संबंध आहे.

नावात ‘पिग’ असले तरी हा प्राणी डुकराच्या नव्हे, तर उंदीर-खारीसारख्या कुरतडणाऱ्या प्राण्यांच्या वर्गातला. त्याचे मूळ दक्षिण अमेरिकेतील अँडीज पर्वतातले. तो स्वभावाने घाणेरडा नाही. निरोगी गिनी पिगच्या अंगाला किंवा कोरड्या लेंड्यांना फारसा वास येत नाही. वास येतो तो अंथरुणात मुरलेल्या मुताचा. मूत्रातील युरियाचे जिवाणू विघटन करतात आणि त्यातून अमोनिया वायू तयार होतो. अंथरूण जितके ओले आणि खोली जितकी कोंदट, तितका तो अधिक साठतो. पावसाळ्यात वास वाढतो तो यामुळेच.

अमोनियाने डोळे चुरचुरतात, श्वासमार्गाला दाह होतो. घरात कुणाला दमा असेल तर त्याचा त्रास वाढू शकतो. गिनी पिगचे नाक तर चोवीस तास त्या अंथरुणाला टेकलेले! त्याची श्वासनलिका नाजूक असते आणि न्यूमोनियाने तो पटकन दगावतो. ओल्या जागेवर सतत बसल्याने त्याच्या तळपायाला जखमा होतात. अस्वच्छतेत गजकर्णासारखे बुरशीजन्य त्वचारोगही फावतात आणि ते त्याच्याकडून मुलांना होऊ शकतात.

घरच्यांच्या नाकाला वासाची सवय होते, हे लक्षात ठेवावे. त्यामुळे वास येण्याची वाट न पाहता सफाईचे वेळापत्रकच ठरवून घ्यावे.

रोज : ओले झालेले अंथरूण, लेंड्या, उरलेला भाजीपाला काढून टाकावा. हे प्राणी बहुधा ठरावीक कोपऱ्यात लघवी करतात. तो कोपरा रोज बदलला तरी निम्मे काम होते. पाण्याची बाटली गळत नाही ना, हेही पाहावे.

आठवड्यातून एकदा, पावसाळ्यात दोनदा : प्राण्याला खोक्यात ठेवून सगळे अंथरूण बदलावे. तळ साबणाच्या कोमट पाण्याने घासून धुवावा, उन्हात पूर्ण वाळवावा आणि मगच नवे अंथरूण घालावे. मुताचे पांढरे डाग क्षारांचे असतात. व्हिनेगर व पाणी समप्रमाणात घेऊन ते डागांवर पंधरा-वीस मिनिटे ठेवल्यास सुटतात. ब्लीचिंग पावडर मात्र व्हिनेगरमध्ये किंवा मुताने भिजलेल्या जागी कधीही टाकू नये. त्यातून विषारी वायू निर्माण होतो.

अंथरुणासाठी खाली रद्दीचे चार-पाच थर, त्यावर कागदाचे बारीक तुकडे आणि वर कोरडे गवत घालावे. वखारीतील बारीक भुसा नाकात जातो. देवदार, चीड यांसारख्या सुगंधी लाकडाचा भुसा तर टाळावाच. बुरशी आलेले गवत वापरू नये. जाळीचा तळ पायाला टोचतो, म्हणून तळ सपाट असावा.

जागाही पुरेशी हवी. जोडीला किमान सात-आठ चौरस फूट जागा लागते. लहान पिंजरा दोन दिवसांतच ओला होतो. नर-मादी एकत्र ठेवल्यास सुमारे दोन-सव्वादोन महिन्यांत पिल्ले होतात, गर्दी वाढते आणि वासही. पिंजरा हवेशीर पण झोताबाहेर ठेवावा. स्वयंपाकघरात किंवा मुलांच्या उशाशी ठेवू नये. उन्हाळ्यात गारव्याची विशेष काळजी घ्यावी. हा थंड प्रदेशातील प्राणी कडक उष्म्याने दगावू शकतो.

उदबत्ती, अत्तर, डांबरगोळ्या आणि फिनेल यांनी वास फक्त झाकला जातो. त्यांचा धूर व वाफ त्या प्राण्याला अपायकारक असते. वास जावा म्हणून त्याला वारंवार आंघोळ घालण्याचीही गरज नाही.

सफाईनंतर साबणाने हात स्वच्छ धुवावेत. गर्भवतीने हे काम दुसऱ्याकडे सोपवावे. दम्याच्या रुग्णाने ते टाळावे. अंथरुणाचा कचरा गटारात न टाकता खताच्या खड्ड्यात टाकावा. त्याचे उत्तम खत होते.

स्वच्छता ठेवूनही वास येत असेल तर तो आजाराचा इशारा समजावा. जुलाब, मूत्रमार्गाचा संसर्ग किंवा वयस्क नराच्या गुदद्वाराशी साचलेला मळ ही कारणे असू शकतात. पावसाळ्यात भिजलेल्या केसांवर माश्या अंडी घालतात आणि अळ्या पडतात. अशा वेळी विलंब न करता पशुवैद्यकाला दाखवावे. घरातील माणसांच्या गोळ्या देऊ नयेत. पेनिसिलीन, अमॉक्सिसिलीन यांसारखी औषधे तोंडावाटे दिल्यास गिनी पिगचा जीव जाऊ शकतो.

मुलांना प्राणी हवा असेल तर रोजची दहा मिनिटांची सफाईही त्यांच्याकडून करून घ्यावी. तेवढी तयारी घरात नसेल, तर प्राणी न आणणे हेच उभयतांच्या हिताचे.