चेहऱ्याच्या नसेचे दुखणे व त्याची काळजी

आपल्या चेहऱ्याला होणारा स्पर्श व वेदना मेंदूपर्यंत पोहोचविण्याचे काम मुख्यतः दोन नसा करतात. उजव्या बाजूला एक व डाव्या बाजूला एक. मेंदूतून निघणाऱ्या नसांच्या १२ जोड्यांपैकी ही पाचवी जोडी. प्रत्येक नसेच्या तीन शाखा असतात. एक कपाळ व डोळ्याकडे, दुसरी गाल व वरच्या दातांकडे, तर तिसरी खालच्या जबड्याकडे जाते. तीन शाखांवरूनच तिला ट्रायजेमिनल नस म्हणतात.

या नसेच्या दुखण्याचे नाव ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. करंट लागावा तशी कळ बहुधा एकाच बाजूने जाते, काही सेकंद, फार तर दोन मिनिटे राहते व थांबते. तोंड धुताना, दाढी करताना, घास चावताना, नुसते बोलतानासुद्धा ती पुन्हा येते. आपल्या वर्धेच्या उन्हाळ्यात कूलरचा झोत गालावर आला तरी पुरे! मधल्या वेळात माणूस ठीक दिसतो, म्हणून घरच्यांना ते सोंग वाटते. रोग्यावर याहून मोठा अन्याय नाही.

दुसरा अन्याय दातांवर होतो. कळ दाढेतच आहे असे रोग्यास वाटते. आमच्या परिचयातील एका बाईंच्या दोन दाढा निघाल्या. कळ तशीच राहिली. किडलेला दात सहसा बराच वेळ ठणकतो, थंड-गरम लागले की दुखतो, रात्री झोपू देत नाही. नसेची कळ हलक्या स्पर्शाने उठते आणि क्षणात जाते. तेव्हा एक्स-रे काढून दात खरोखर खराब आहे काय, हे पाहिल्याशिवाय तो काढू देऊ नये. सावंगी (मेघे) येथे दंत महाविद्यालय व रुग्णालय एकाच आवारात आहेत, सेवाग्रामला कस्तुरबा रुग्णालय आहे. आष्टी-कारंज्याकडील मंडळींनी मांत्रिकाकडे वेळ न घालविता तेथे यावे.

बहुतेकांच्या बाबतीत मेंदूजवळ एखादी रक्तवाहिनी या नसेवर टेकते व तिचे आवरण झिजते. उघड्या पडलेल्या वायरसारखीच ही गत. पन्नाशीनंतर, व स्त्रियांमध्ये, हा विकार अधिक आढळतो. तरुण वयात झाला, दोन्ही बाजूंनी झाला किंवा चेहरा बधिर वाटू लागला तर एमआरआय करून इतर कारण शोधावेच लागते.

साध्या वेदनाशामक गोळ्यांचा येथे उपयोग होत नाही. १९६० च्या दशकापासून कार्बामाझेपिन हे मिरगीवरचे औषध यासाठी वापरतात. डॉक्टर ते थोड्या मात्रेने सुरू करून हळूहळू वाढवितात. सुरुवातीला झोप व चक्कर येते, अशा दिवसांत सायकल-मोटारसायकल चालवू नये. अधूनमधून रक्त तपासावे लागते. बरे वाटले म्हणून मनानेच गोळी बंद करू नये. मात्र अंगावर पुरळ उठले तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावे, ते धोक्याचे असू शकते.

औषध पुरेनासे झाले तर शस्त्रक्रिया आहे. नस व रक्तवाहिनी यांच्यामध्ये टेफ्लॉनची छोटी गादी ठेवतात. अभिनेते सलमान खान यांनीही या विकारासाठी २०११ साली अमेरिकेत शस्त्रक्रिया करून घेतली.

घरी कोमट पाणी वापरावे, मऊ अन्न घ्यावे, वाऱ्यात निघताना गालावरून दुपट्टा घ्यावा. आणि आम्हा बँकवाल्यांची सवय म्हणा, पण एक वही ठेवावी : तारीख, वेळ, कळ कशाने उठली, गोळी किती घेतली. पासबुकासारखी ही नोंद समोर ठेवली की डॉक्टरांना औषधाची मात्रा ठरविणे सोपे जाते.