दोघांचेही रक्त तपासा

विल्यम रॉबर्टसन या अमेरिकी प्राणिशास्त्रज्ञाने १९१६ साली नाकतोड्यांच्या पेशींत एक गोष्ट नोंदवली. दोन वेगळी गुणसूत्रे जोडली जाऊन त्यांचे एकच झाले होते. माणसांतही साधारण हजारात एकाच्या बाबतीत हे घडते. बहुतेकदा जोडली जातात ती तेरावे आणि चौदावे. अशा व्यक्तीच्या पेशीत ४६ ऐवजी ४५ गुणसूत्रे असतात, पण आवश्यक जनुके सगळी शाबूत असतात. माणूस ठणठणीत असतो, त्याला याचा पत्ताही नसतो.

अडचण येते ती स्त्रीबीज किंवा शुक्राणू तयार होताना. सुटे तेरावे, सुटे चौदावे आणि जोडलेले, अशा तिघांची वाटणी करायची असते. त्यातून सहा प्रकारची बीजे बनू शकतात. दोन्ही सुटी एका बीजात आणि जोडलेले दुसऱ्यात गेले, तर ही दोन्ही बीजे ठीक. उरलेल्या चार प्रकारांत एखादे गुणसूत्र जास्त तरी होते किंवा कमी तरी पडते. असा गर्भ बहुधा पहिल्या तीन महिन्यांतच पडतो. सुदैवाने प्रत्यक्षात बरोबर वाटणीच अधिक वेळा होते. म्हणून अशा जोडप्यांनाही निरोगी मूल होऊ शकते.

जोडलेली किंवा तुकड्यांची अदलाबदल झालेली गुणसूत्रे वारंवार गर्भपात होणाऱ्या शंभरांपैकी दोन ते पाच जोडप्यांत सापडतात, आणि ती नवऱ्याकडूनही आलेली असू शकतात. आपल्याकडे मात्र उपास, नवस आणि खाण्यापिण्याची उलटतपासणी होते ती फक्त सुनेची.

सुरुवातीच्या गर्भपातांपैकी निम्म्याहून अधिक गर्भांत गुणसूत्रांची गडबड असते, पण ती बहुतेकदा त्या एका बीजापुरती असते. आईबापांची गुणसूत्रे नॉर्मलच असतात. स्त्रीचे वय पस्तिशीपुढे सरकते तशी ही शक्यता वाढते.

जनुकांतला प्रत्येक बदल दोषी नसतो, हेही ध्यानात ठेवावे. वारंवार गर्भपात झाल्यास ‘एमटीएचएफआर’ या जनुकाची चाचणी अजूनही सर्रास लिहून दिली जाते, पण अमेरिकेतील वैद्यकीय जनुकशास्त्र संघटनेने २०१३ मध्येच ती करू नये असे सांगितले. वारंवार गर्भपात झालेल्या आणि रक्त गोठण्याचा आनुवंशिक कल असलेल्या ३२६ स्त्रियांवरील चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये प्रसिद्ध झाले. रक्त गोठू न देणाऱ्या हेपॅरिनची इंजेक्शने घेतलेल्या आणि न घेतलेल्या, दोन्ही गटांत सुमारे ७१ टक्के स्त्रियांना मूल झाले. रक्ताच्या गुठळ्या आणि गर्भपात घडवणारा अँटिफॉस्फोलिपिड सिंड्रोम हा मात्र वेगळा आजार आहे. तो आनुवंशिक नाही आणि त्यात ॲस्पिरिन-हेपॅरिनचा उपयोग होतो.

पुन्हा गर्भपात झालाच, तर पडलेल्या गर्भाचा अंश गुणसूत्र तपासणीला पाठवता येईल का, हे डॉक्टरांना विचारा. तो सलाइनमध्ये द्यावा लागतो. फॉर्मालिनमध्ये पेशी मरतात आणि त्या वाढवून करायची तपासणी होत नाही. गर्भाच्या तपासणीत गुणसूत्रांची बिघडलेली जोडणी दिसली, तर नवरा-बायको दोघांनीही कॅरिओटाइप, म्हणजे गुणसूत्रांची तपासणी करून घ्यावी. त्यासाठी लागते ते दोघांचे थोडेसे रक्त.