एक गिटार, दोन बाज

‘सर, गिटार घेऊनच आलोय’ असं म्हणत नवा विद्यार्थी दारात उभा राहिला, की माझ्या पोटात गोळा येतो. खोळीतून बहुतेक वेळा निघते ती स्टीलच्या तारांची, अरुंद दांडीची गिटार. सिनेमातली गाणी तिच्यावर झकास वाजतात. पण स्पेनमधला फ्लामेंको किंवा तारेगाच्या रचना वाजवायच्या, तर नायलॉनच्या तारांचीच गिटार हवी.

हे मी ठेचकाळून शिकलो. १९८६ साली पहिल्या पगारातून क्लासिकल गिटार घेतली. ‘आवाज मोठा येईल’ म्हणून दुकानदारानं तिला स्टीलच्या तारा लावून दिल्या. तिसऱ्या आठवड्यात रात्री फाडकन आवाज झाला. पाहतो तर घोडी उखडून आलेली आणि तिच्यासोबत तबलीचा टवकाही. नायलॉनच्या सहा तारांचा एकूण ताण साधारण ४० किलो असतो, स्टीलचा ७० च्या घरात. नाजूक तबलीला तो कसा पेलणार? एरवी या गिटारला पूर्वी आतड्याच्या तारा असत. दुसऱ्या महायुद्धात त्या मिळेनाशा झाल्या, तेव्हा न्यूयॉर्कच्या अल्बर्ट ऑगस्टीन यांनी नायलॉनच्या तारा बनवल्या आणि सेगोव्हियांनी त्या उचलून धरल्या.

आता क्लासिकल आणि फ्लामेंको या दोन्ही गिटारी दिसायला सख्ख्या बहिणी. आजचा आकार ज्यांनी रूढ केला, ते आल्मेरियाचे आंतोनियो दे तोरेस (१८१७–१८९२) दोन्ही तऱ्हेच्या गिटारी बनवत. फरक आहे तो लाकडात आणि तारांच्या उंचीत. क्लासिकलची पाठ आणि बाजू शिसवीची. ब्राझीलच्या शिसवीच्या व्यापारावर १९९२ मध्ये आंतरराष्ट्रीय बंदी आली, पण आपल्या दक्षिणेकडची शिसवी त्याआधीपासूनच जगभरच्या कारागिरांच्या हाती होती. त्यामुळे स्वर भरदार आणि रेंगाळणारा. फ्लामेंकोची पाठ सायप्रसची. हे लाकूड हलकं आणि त्या काळी स्पेनमध्ये स्वस्त. त्यातून सूर उसळतो आणि चटकन विरतो. नर्तकीच्या टाचांच्या ठेक्यात तो रेंगाळून चालणारच नाही! शिसवी पाठीची फ्लामेंको गिटारही असते, तिला ‘नेग्रा’ म्हणतात.

क्लासिकलमध्ये बाराव्या पडद्यावर जाड तार सुमारे ४ मिलिमीटर वर असते, फ्लामेंकोत ३ किंवा त्याहून कमी. तार खाली असल्यानं जोरात वाजवली की पडद्यांना घासून किंचित झणझणते. क्लासिकलवाल्याला तो दोष वाटतो, फ्लामेंकोवाल्याला तीच चव. सतारीची जवारी ऐकत वाढलेल्या आपल्या कानांना हे समजावून सांगावं लागू नये. शिवाय फ्लामेंकोत बोटांनी तबलीवर ठोके देतात, म्हणून तिथं संरक्षक पट्टी चिकटवलेली असते. साध्या तबलीवर हा उद्योग केलात तर महिन्याभरात ओरखडेच ओरखडे.

मागे एका बँकेत काम करणाऱ्या ताई आल्या. ‘सर, मला दोन्ही शिकायचंय, पण पैसे एकाच गिटारचे आहेत.’ मी बेलाशक क्लासिकल सांगितली. तार खाली आणणं सोपं, पण फ्लामेंको गिटारमधून रेंगाळता स्वर काढायचा कुठून?

दुकानात आम्ही आधी आवाजाच्या छिद्राची कड पाहिली. वरच्या रेषा कडेतून सरळ खाली उतरल्या तर तबली अखंड लाकडाची; थर दिसले तर प्लायवूड. मग डोळा लावून दांडी सरळ आहे ना ते पाहिलं. बाराव्या पडद्यावर तार नुसती स्पर्शून येणारा सूर आणि दाबून येणारा सूर एकच आहे ना, हेही ऐकलं. तारांची लांबी ६५० मिलिमीटर असते. ताईंचे हात लहान, म्हणून ६४० ची निवडली. नक्षीकामाकडे मी त्यांना बघूच दिलं नाही.

घरी आल्यावर घोडीवरची हाडाची नवी, कमी उंचीची पट्टी कारागिराकडून घासून घेतली आणि तबलीवर पारदर्शक पट्टी लावली. मूळची उंच पट्टी ताईंनी डबीत जपून ठेवली आहे. तारेगा वाजवायचा दिवस आला, की तारा सैल करून पट्टी बदलतात. पावसाळ्यात मात्र लाकूड फुगतं आणि तारांची उंची आपोआप बदलते, तेव्हा त्या डबीला हात लावण्याआधी मला फोन येतो.