शंखातला खेकडा घरी ठेवताना
कोकणच्या सहलीहून मुले हौसेने शंखातला खेकडा आणतात आणि बीबीला पोहोचून चार दिवस होत नाहीत तोच तो मरतो. खडकातल्या डबक्यात सापडणारा हा खेकडा बहुधा समुद्रीच असतो. समुद्राच्या पाण्यावाचून तो जगत नाही, आणूच नये.

जमिनीवर राहणारी जात वेगळी. तिचे कल्ले हवेत श्वास घेतात, पण ओलसर असतील तरच. आपल्या उन्हाळ्यात ते सुकतात. म्हणून झाकणाच्या काचपेटीत आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राखावी. तळाशी ओलसर वाळू व नारळाचा भुसा यांचा किमान १५ सें.मी. थर द्यावा. कात टाकताना खेकडा त्यात कित्येक आठवडे गाडून घेतो. मेला समजून उकरू नये. पाण्याची भांडी दोन, एक गोड्या व एक समुद्री मिठाच्या पाण्याचे. टीसीएलचे पाणी चालत नाही. शेजारी थोडे मोठे, न रंगवलेले रिकामे शंख ठेवावेत.

निवडताना हात लावताच आत शिरणारा, वास न येणारा खेकडा घ्यावा. मात्र त्याची पिले समुद्रात वाढतात, पेटीत सहसा नाही. म्हणजे विकायला येणारा खेकडा बहुधा किनाऱ्यावरूनच उचललेला असतो.

खेकडा किडींचाच भाऊबंद. फवारणीहून आल्यावर आंघोळ केल्याशिवाय पेटीला हात लावू नये.